पाझर तलाव आहे, पाझरणारच

आमच्या गावच्या धरणाला एक सुरक्षा अधिकारी आहेत. वय सदुसष्ट, शिक्षण शून्य, हाताखाली चार शेळ्या. नेमणुकीचा आदेश कुणी काढलेला नाही, त्यामुळे त्यांना निवृत्तही कुणी करू शकत नाही. नाव आनंदाबाई.

धरण म्हटल्यावर भलतंसलतं डोळ्यांसमोर आणू नका. त्याला लोखंडी दरवाजे नाहीत, पाहायला सहली येत नाहीत. कारंजा (घाडगे)पासून नऊ किलोमीटर आत, गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकाडांमधला नाला अडवून घातलेला मातीचा बांध आहे तो. लांबी दोनशे पावलं, उंची दोन माणसं आणि त्यांच्या खांद्यावर एक पोरगं. गाव त्याला पाझर तलाव म्हणतं. अण्णाजींच्या वडिलांनी तो बहात्तर साली स्वतःच्या शेतात, स्वतःच्या हिमतीवर बांधला. स्वतःच्या हिमतीवर म्हणजे साठ-सत्तर माणसांच्या डोक्यावर. त्यातलं एक डोकं आनंदाबाईंचं होतं. तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि टोपल्यांनी माती वाहत होत्या. मधोमध काळी चिकण माती, दोन्ही अंगांनी मुरूम, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून बैल फिरवायचे. "त्याच्या पोटात काय हाय ते मले ठाऊक, अण्णाजीले नाई," असं त्या म्हणतात. बरोबरच आहे. अण्णाजी तेव्हा पाळण्यात होते.

बांधाच्या खाली नाला आणि नाल्याच्या काठावर शाळा. ती जागा शाळेला मिळाली, कारण दुसऱ्या कुणालाच ती नको होती. माझी मयुरी तिथे सहावीत आहे. मी बी.एस्सी. झालेली, त्यामुळे मला काळजीसुद्धा आकड्यांनिशी करता येते. बांधापासून शाळेच्या फाटकापर्यंत मी एकदा घड्याळ लावून चालत आले. अकरा मिनिटं लागली. पाणी चालत येत नाही, हे मी विवेकना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समजावून सांगितलं. ते सेवाग्रामला दवाखान्यात नोकरीला आहेत आणि रविवारी घरी असतात. ते म्हणाले, तू फार विचार करतेस. रविवारी धरण नेहमीच ठणठणीत असतं.

आनंदाबाईंचं कामकाज असं चालायचं. सकाळी शेळ्या घेऊन बांधावर जायचं. शेळ्यांनी वर चरायचं, बाईंनी खालून पायथ्याने चालायचं, अनवाणी. चप्पल घालून ओल कळत नाही, हे त्यांचं शास्त्र. घुशीचं बीळ दिसलं की त्यात चिखल ठासायचा आणि घुशीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. गवत राहू द्यायचं, रोपटं दिसलं की उपटायचं. बाभळीची मुळं आत शिरतात, झाड मेलं की मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळाच्या नळीतून पाणी वाट काढतं. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, घरी येऊन जुनं पुस्तक काढलं आणि पुस्तकाचंही तेच म्हणणं आहे हे बघून जरा खट्टू झाले. पुस्तकाला मी परीक्षेची फी भरली होती.

चार वर्षांपूर्वी पर्यावरण दिनाला अण्णाजींनी बांधावर एक्कावन्न झाडं लावली. पाहुणे आले, शाळेची मुलं रांगेत उभी केली, मयुरीच्या हातातही एक रोप दिलं. तिचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे: धरण कसं पोखरावं याचं प्रात्यक्षिक करताना माझी मुलगी. महिनाभरात आनंदाबाईंच्या शेळ्यांनी बेचाळीस झाडं खाल्ली. गावाने त्यांना पर्यावरणाची शत्रू ठरवलं. सरपंच बंडूजींनी तर शेळ्यांना कोंडवाड्यात घालून दंड ठोठावण्याची भाषा केली. बाई उरलेल्या नऊ झाडांकडे शेळ्यांना वळवायचा प्रयत्न करत राहिल्या. पण त्या झाडांना कुंपण झालं होतं.

झाडं एकवेळ सोसली असती. पुढच्याच वर्षी अण्णाजींनी सांडवा बंद केला.

सांडवा म्हणजे बांधाच्या एका टोकाला मुद्दाम सखल ठेवलेली खडकावरची वाट. तलाव भरला की जादा पाणी तिथून निमूट निघून जातं आणि बांधाच्या माथ्यावरून चढत नाही. मातीच्या बांधावरून पाणी वाहिलं की बांध उरत नाही. वडिलांनी ती वाट ठेवली होती. मुलाला तीत नासाडी दिसली. सांडणं म्हणजे वाया जाणं, हे आपल्या भाषेनेच शिकवलंय ना. दूध सांडलं की अपशकून, धान्य सांडलं की लक्ष्मीचा अपमान. मग डोळ्यांदेखत पाणी सांडू द्यायचं? अण्णाजींना तलावात मासे सोडायचे होते, संत्र्याच्या बागेला एप्रिलपर्यंत पाणी हवं होतं. त्यांनी सांडव्यात तीन फूट उंच विटांची भिंत घातली, तिला पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत दोन ओळी लिहून घेतल्या. वरची ओळ, पाणी अडवा. खालची, पाणी जिरवा. साडीचोळी वाहून जलपूजन झालं. बंडूजी भाषणात म्हणाले की आता या गावातून एक थेंबसुद्धा सांडणार नाही. टाळ्या पडल्या. आनंदाबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "याले रातच्याले लघवीले उठावं लागत नाई काय?" मी हसू दाबलं. घरी आल्यावर हसू आलं नाही.

दोन पावसाळे कमी पावसाचे गेले आणि भिंत शहाणी ठरली. यंदा जूनच्या शेवटालाच तलाव भिंतीला टेकला.

जुलैच्या पहिल्या सोमवारी आनंदाबाईंच्या अनवाणी पायांना पायथ्याशी नवी ओल लागली. ओलीतून बोटभर धार निघाली होती. पाणी स्वच्छ होतं. मी घाबरले, त्या घाबरल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्याचं भेव नाही. स्वच्छ पाणी येतं तोवर बांध पाणी पितोय. गढूळ यायला लागलं की समजायचं, आता पाणी बांधाला खातंय. म्हणून दर सोमवारी त्या धारेचं पाणी बाटलीत भरून ठेवायचं ठरलं.

बाटलीचा प्रश्न नव्हता. आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे दारू मिळत नाही, फक्त रिकाम्या बाटल्या मिळतात. बांधाच्या माथ्यावर संध्याकाळची हवा छान असते आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी ती खायला जातात. सकाळी बाई तिथून पव्वा उचलायच्या, राखेने घासायच्या, चिठ्ठी खरवडून काढायच्या. लिहिता येत नसल्याने गळ्याला चिंधी बांधून गाठी मारायच्या: पहिल्या आठवड्याची एक गाठ, दुसऱ्याच्या दोन. माझं योगदान एवढंच की मी बाटलीमागे मयुरीची वही धरायची. पहिल्या बाटलीतून अक्षर स्पष्ट वाचता आलं. दुसरीतूनही. तिसरीतून फक्त ओळी दिसल्या. पाऊस वाढल्यावर बाई सोमवारची वाट न पाहता एक दिवसाआड भरू लागल्या. सातव्या बाटलीतून वही आहे एवढंच कळत होतं.

चौथ्या बाटलीनंतर मी तालुक्याला अर्ज घेऊन गेले होते. आनंदाबाई सोबत होत्या. अर्ज मी स्वतः लिहिला, चांगल्या शुद्ध मराठीत, आणि विषय घातला: अण्णाजी यांच्या पाझर तलावातून होणाऱ्या पाझराबाबत. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी विषय वाचला, पुन्हा वाचला आणि हसू आवरत म्हणाले, "मॅडम, पाझर तलाव आहे. पाझरणारच ना."

शेजारच्या टेबलावरचे दोघेही हसले. विहिरीत पाणी आहे अशी तक्रार करावी तसं झालं होतं ते. मी गळती, झिरपा, स्रवण असे सगळे शब्द वापरून पाहिले. साहेबांनी तेवढ्यात यादी काढली. यादीत आमच्या गावात एकही धरण नव्हतं, एकही तलाव नव्हता. खाजगी जमीन, खाजगी बांध. त्यांनी मोबाइलवर अण्णाजींचा सातबारा उघडला. तलावाच्या जागेपुढे लिहिलं होतं, पोटखराब. म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. जे धरण कागदावरच नाही ते फुटणार कसं, हे साहेबांनी विचारलं नाही, पण चेहरा तेच विचारत होता. पोटखराबा फुटल्याची नोंद आजवर कुठेच नाही.

परतीच्या बसमध्ये मी अर्जाच्या विषयावरून स्वतःला शिव्या देत होते. आनंदाबाई म्हणाल्या की चूक माझी नाही, माझ्या शिक्षणाची आहे. "तू पाझर काऊन लिवलं, सूनबाई? पाझर तं मायले बी फुटते. माती लिवाची होती. माती येऊन राह्यली, असं."

मग ग्रामसभा आली. बाईंनी पदराखालून सात पव्वे काढून सरपंचांच्या टेबलावर एका ओळीत मांडले, डावीकडून उजवीकडे, एका गाठीपासून सात गाठींपर्यंत. पहिल्या रांगेतल्या तिघांनी खाली पाहिलं. एकाला फोन आला, वाजला नसताना. बंडूजींचा चेहरा उतरला, आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांनी ठराव मांडला की गावात दारूबंदीची अंमलबजावणी कडक करावी, माताभगिनींच्या भावना सभेपर्यंत पोचल्या आहेत. ठराव एकमताने मंजूर झाला. सगळ्यात मोठ्याने अनुमोदन अण्णाजींनी दिलं. मी उठून सांगितलं की विषय पाण्याचा आहे. बंडूजी म्हणाले, तेच तर, पाणी घालूनच पितात.

धरण बघायला महिनाभरात कुणी आलं नव्हतं. दारू बघायला पोलिसांची गाडी दोन तासांत आली. त्यांनी बांधाच्या माथ्यावरून आणखी एकोणीस बाटल्या गोळा केल्या, पंचनामा केला आणि आनंदाबाईंचे सात पव्वेही जप्त केले. हवालदारांनी एकेका बाटलीचा वास घेतला, सातवी जरा जास्त वेळ हुंगली, आणि लिहून घेतलं: काचेच्या बाटल्या सात, आत संशयास्पद द्रव. संशय योग्यच होता. महिनाभरात त्या पाण्यावर संशय घेणारे ते पहिले सरकारी गृहस्थ. आमचा पुरावा मात्र मुद्देमाल होऊन ठाण्याच्या खोलीत गेला.

पुढच्या बुधवारपासून पाऊस लागला. गुरुवार गेला. शुक्रवारी शाळेला सुट्टी जाहीर झाली, पण ती आम्हाला शनिवारी कळली. शुक्रवारी सकाळी साडेदहाला आनंदाबाई भिजत माझ्या दारात उभ्या होत्या. हातात आठवी बाटली, चिंधी बांधायलाही त्या थांबल्या नव्हत्या. पाणी चहाच्या रंगाचं होतं. आज वहीची गरज नव्हती.

"पोट्टे शाळेत हाय ना?" त्यांनी विचारलं. "आधी ते उचल. मंग सब्बल घे."

शाळेपर्यंत मी कशी पोचले ते आठवत नाही. मोतीलाल गुरुजींनी बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. आदेशाशिवाय सुट्टी देता येत नाही, असं ते म्हणाले. मी ओरडणार एवढ्यात ते वर्गाकडे वळून म्हणाले, "आज परिसर अभ्यास. दप्तरं राहू द्या, दोघादोघांचे हात धरा." अशी भर पावसात, शाळेच्या दैनंदिनीत रीतसर नोंद होऊन, त्रेसष्ट मुलांची परिसर भेट टेकाडावरच्या विहारात निघाली. मयुरीला मी रांगेतून बाहेर ओढून घट्ट धरलं. तिने माझा हात सोडवून मैत्रिणीचा धरला. सगळ्यांसमोर लाज आणू नको, असं तिचं म्हणणं होतं.

बांधावर आम्ही बाया नऊ जणी होतो. शेजारच्या मीराबाईने घरून दोन सब्बली, म्हणजे पहारी, आणि एक घण आणला होता. पाणी माथ्यापासून दोन वितींवर आलं होतं, आणि जिथे गाड्या चढून चढून मधला भाग दबला होता तिथे एक वीतच उरली होती. मी अण्णाजींना फोन लावला. ते नागपूरला लग्नात होते, मागे बँड वाजत होता. मी फोन आनंदाबाईंच्या कानाशी धरला, आवाज मोठा करून.

"भिंतीले हात लावला तं याद राखजा," अण्णाजी म्हणाले. "शेत माह्यं, धरण माह्यं, पाणी बी माह्यंच हाय."

"पाणी तुमचंच हाय, अण्णाजी," बाई म्हणाल्या. "खाली शाळेत गेल्यावर ते कोनाचं, तेवढं सांगा."

पलीकडून बँडच ऐकू आला. मग फोन कटला.

मला घण घ्यायचा होता. एका दणक्यात भिंत पाडायची, पाणी जाऊ द्यायचं. आनंदाबाईंनी माझ्या हातातून घण काढून घेतला आणि त्यावर बसल्या. एकदम पाडली तर तीन फूट पाणी एकाच वेळी नाल्याला लागेल, मग बांधाने बुडवायचं ते आपणच बुडवू, असं त्यांनी समजावलं. वरचा एक थर काढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बसायचं. पाणी उतरू द्यायचं. मग दुसरा थर. बांधताना थर बसू द्यायला बैल फिरवले होते, तसंच उलटं.

आयुष्यात मी एवढी अवघड गोष्ट केलेली नाही. सब्बल चालवणं नाही, बसणं. नऊ बाया पावसात डोक्यावर पोती घेऊन सांडव्याच्या कडेला बसल्या होत्या आणि विटेवरून जाणारं चार बोटं पाणी बघत होत्या. मी दर पाच मिनिटांनी काठीवरची खूण बघायचे आणि आनंदाबाई मला सांगायच्या की घड्याळ पाहून पाणी लाजत नाही. मीराबाईने पदरातून चिवड्याची पुडी काढली. दुपारी तीनपर्यंत सहा थर निघाले. वरची ओळ, पाणी अडवा, विटा-विटांनी काठावर रचून ठेवली. खालची तशीच राहिली. पाणी माथ्यापासून दोन हात खाली गेलं. पायथ्याची धार करंगळीएवढी झाली.

म्हणजे काहीच झालं नाही. हाच आमचा गुन्हा.

संध्याकाळी गावाने येऊन पाहिलं. बांध जागेवर, शाळा जागेवर. इतका चांगला बांध असताना बायांनी उगाच भिंत फोडली, असं मत पडलं. बंडूजी म्हणाले की बायांच्या भित्रेपणामुळे अब्जावधी थेंब सांडले. धरण फुटलं असतं तर आनंदाबाईंचा सत्कार झाला असता, आणि हार घालायला कुणी उरलंच असतं तर फोटोही निघाला असता.

अण्णाजी रविवारी परतले आणि सोमवारी ठाण्यात जाऊन त्यांनी आनंदाबाई आणि इतर आठ बायांविरुद्ध फिर्याद दिली. इथे माणसाचा संताप किती उपयोगी पडतो ते पाहा. फिर्याद भक्कम व्हावी म्हणून त्यांनी वकिलाकडून ती लिहून घेतली आणि खाली सही केली: "माझ्या खाजगी मालकीच्या मातीच्या धरणाच्या सांडव्यावर मी बांधलेली भिंत." धरण. मातीचं. माझ्या मालकीचं. सांडव्यावर मी बांधलेली. बावन्न वर्षांत हे चार शब्दप्रयोग कुठल्याही सरकारी कागदावर एकत्र आले नव्हते. मी त्या फिर्यादीची नक्कल काढली, तिला नवा अर्ज जोडला आणि विषयात या वेळी पाझर हा शब्द घातला नाही. माती येऊन राहिली आहे, असं लिहिलं. फक्त राह्यलीचं राहिली केलं. तेवढं शिक्षण कामाला आलं.

आठवड्याने तेच तरुण साहेब आले. आता हसत नव्हते. बूट काढायला लावून आनंदाबाईंनी त्यांना पायथ्याने चालवलं. साहेबांनी विचारलं, आधीचे नमुने आहेत का. आहेत, मी म्हटलं, ठाण्यात. दारूच्या गुन्ह्यात. त्यांनी डोकं खाजवलं, मग वहीत बरंच काही लिहिलं: पाणी आणखी उतरवावं, सांडवा कायम मोकळा ठेवावा, नऊ झाडं मुळासकट काढून खड्डे ठासून भरावेत, माथ्याचा दबलेला भाग उचलून घ्यावा, गळतीच्या जागी वाळू आणि गिट्टीचा थर द्यावा म्हणजे पाणी जाईल आणि माती अडेल. खर्च मालकाचा. हे वाचून झाल्यावर आनंदाबाईंनी एकच शंका काढली की झाडं काढायची होती तर माझ्या शेळ्यांनी काय वाईट केलं होतं.

आता धरणाला नंबर आहे आणि आनंदाबाईंच्या केसलाही. धरणाची पाहणी दर तीन महिन्यांनी, बाईंची तारीख दर महिन्याला. तारखेच्या दिवशी आम्ही नऊ जणी मिळून जातो आणि शेळ्या मीराबाईचा दीर सांभाळतो. त्या दिवशी पायथ्याने अनवाणी चालायला मी भल्या पहाटे जाते. मला अजून ओल नीट कळत नाही, थंडी मात्र चांगली कळते.

अण्णाजींनी वाळू-गिट्टी टाकली आहे, आणखी टाकायची आहे. पुढचा पावसाळा यायचा आहे. ओढूनताणूनही मला निश्चिंत होता येत नाही. मयुरी झोपली की मी उठून खिडकीपाशी येते.

खिडकीत या सोमवारची बाटली आहे. सकाळी शाळेत जाताना आनंदाबाईंनी ती मयुरीच्या हाती दिली होती आणि मयुरीने ती दप्तरात घालून शाळेत नेली. दारूबंदीच्या जिल्ह्यात, सहावीतल्या मुलीच्या दप्तरात पव्वा. मोतीलाल गुरुजींनी पाहिला आणि हजेरी पुढे चालू ठेवली. मी आत्ताच तिची भूगोलाची वही बाटलीमागे धरून पाहिली. सगळं वाचता आलं. एक ओळ लागली नाही, पण तिथे पाण्याचा दोष नव्हता. अक्षरच तसं आहे तिचं.